बाईचं काम, बाप्याचं काम

लग्नाच्या बोलणीपासून वर्तमानपत्राच्या अग्रलेखापर्यंत आपल्याकडे एक वाक्य सर्रास फिरतं: पूर्वीपासून असंच आहे. बाईने काय करायचं, पुरुषाने काय करायचं, आधी कोण जेवायचं, कागदावर नाव कोणाचं लागायचं, सगळ्याला हेच एक उत्तर. हे 'पूर्वी' तपासायला गेलं की पुष्कळदा पणजोबांच्या पलीकडे जात नाही. काही रिवाज गिरणीच्या भोंग्याएवढेच जुने निघतात, काही शेजारच्या जातीकडे बघून उचललेले, आणि एक तर थेट विलायतेहून आलेला. महाराष्ट्रातलीच उदाहरणं घेऊन अशा काही समजुती पारखून बघू.

गैरसमज : कमावणं पुरुषाचं, घर सांभाळणं बाईचं, ही मुळातलीच वाटणी आहे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकणातले तरणेताठे पुरुष मुंबईची वाट धरू लागले. गावात उरल्या बायका, पोरं आणि म्हातारीकोतारी. मग भाताची लावणी, कापणी, झोडणी, गुरंढोरं, वाण्याची उधारी, भावकीतले तंटे हे सगळं निभावलं कोणी? चाकरमानी गणपतीला नि शिमग्याला यायचा; एरवी यायची ती मनीऑर्डर, तीही वेळेवर येईलच असं नाही. १९२१च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका पाचशेच्या थोड्याच वर होत्या. उलट रत्नागिरी जिल्ह्यात अगदी २०११च्या जनगणनेतही हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. पिढ्यान् पिढ्या ज्या मुलखात शेतीवाडीचा सगळा कारभार बाईने ओढला, तिथल्याच घरात 'कर्ता पुरुष' मुंबईत आहे असं सांगितलं जायचं.

एक काम मात्र या बाईला वर्ज्य होतं. नांगराला तिने हात लावायचा नाही. त्यामुळे सगळं शेत अंगावर घेणारी बाई पहिल्या पावसात दिराच्या किंवा गड्याच्या दारी मिनतवारी करत उभी असे. ज्या कामावाचून पुढचं काहीच होत नाही, नेमकं तेच निषिद्ध ठरावं, याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

आता मुंबईची बाजू. गिरणीकामगार म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुषच येतो. पण १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. रिळाच्या आणि वाइंडिंगच्या खात्यांत तर त्यांचाच भरणा. त्यांच्यावर नायकीण असे. कामावर घेणं, काढून टाकणं, वशिला लावणं, यात ती पुरुषांच्या जॉबरपेक्षा तसूभर कमी नव्हती. मग या बायका गेल्या कुठे?

कायदे आले. १८९१च्या फॅक्टरी कायद्याने बायकांचा दिवस अकरा तासांवर आणला, १९११च्या कायद्याने रात्रीचं काम बंद केलं, १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. प्रत्येकाचा हेतू चांगलाच होता. मालकांनी मात्र आपला हिशेब मांडला: बाईला रात्रपाळी देता येत नाही, वर बाळंतपणाचा खर्च, त्यापेक्षा पुरुष बरा. त्यातच नवी यंत्रं आली आणि ज्या खात्यांत बायका होत्या ती खाती आधी आटली. दुसरीकडे, पुरुषाच्या पगारात कुटुंब भागलं पाहिजे, अशी मागणी कामगार चळवळीतून होत होती. मागणी रास्त होती, पण तिच्यामुळे बाईचा पगार आपोआप 'वरखर्चाचा' ठरला. १९४८च्या फॅक्टरी कायद्यातही संध्याकाळी सातनंतर बाईला कारखान्याचं दार बंदच होतं. अशा रीतीने दोन-तीन पिढ्यांत गिरणी ही पुरुषांची जागा झाली, आणि ती पहिल्यापासून तशीच होती असं लोक समजू लागले.

त्याच गिरणगावात चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत खानावळ चालवणाऱ्या बायका होत्या. मुंबईत एकटे राहणारे हजारो कामगार त्यांच्याच ताटावर जगले. गिरणी चालत होती ती या जेवणावर, पण त्यांना कामगार म्हणून कोणी मोजलं नाही. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवालीला बँकेचं कर्ज मिळू लागलं. पुढे १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. त्या काळात परळ-लालबागच्या चुली पेटत्या ठेवल्या त्या भाजी विकणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, दुसऱ्यांची धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी. संपावरची पुस्तकं, नाटकं, सिनेमे पुष्कळ झाले; त्यांत नायक बहुतेक वेळा बेकार झालेला पुरुषच.

गैरसमज : स्वयंपाक हा बाईच्या हातचाच

घरातल्या चौघांची भाजी बाईने करायची आणि मांडवातल्या चारशेंची आचाऱ्याने. उडप्याचं हॉटेल, वडापावची गाडी, मंगल कार्यालयाचा भटारखाना, मोठ्या देवस्थानाचा मुदपाकखाना, कुठेही बघा, कढईपुढे पुरुषच. हाताची चव जन्मतः बाईला मिळत असती तर ती मांडवाच्या दाराशी संपली नसती. शिवणाचंही तेच. मुलगी उपवर झाली की तिला शिवणक्लास, आणि बाजारपेठेत दुकान थाटून बसलेला शिंपी मात्र बाप्या. कामाचे रोख पैसे मिळू लागले, त्याला दुकान आणि पाटी लागली की ते पुरुषाचं होतं. तेच काम फुकट करायचं असलं की बाईचं. या लेखात पुढे जे येईल त्यातलं बरंचसं या एका नियमात बसतं.

अपवाद आहेत. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत पापडाचा उद्योग उभा राहिला, आणि मालकी लाटणाऱ्या बायकांचीच राहिली. पण सरकारने जिथे बायकांना मोठ्या संख्येने काम दिलं तिथे काय केलं ते बघा. अंगणवाडी सेविका, आशा, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायका, यांना पगार मिळत नाही, मानधन मिळतं. बाळंतिणीला रात्री दवाखान्यात नेणं, पोलिओचे डोस, सर्वेक्षण, करोनातली घरोघर तपासणी, हे सगळं सेवाभावाने करायचं. तलाठ्याला किंवा ग्रामसेवकाला सेवाभावाने काम करा असं सांगून बघावं.

गैरसमज : कष्टाचं काम पुरुषाचं, बाईला ते झेपत नाही

बीड, अहिल्यानगर, जालना भागातून दसरा-दिवाळीनंतर ट्रॅक्टर-ट्रक भरून माणसं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर पाच-सहा महिने राहतात. तिथे मजूर मोजायचं माप आहे कोयता, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला, पण व्यवहार नवऱ्याशी. पैसे त्याच्या हातात, हिशेब त्याच्या नावावर, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामाला दोघांच्याही मानेवर.

दिवस असा. बाई पहाटे तीन-चारला उठते, खोपीबाहेरच्या चुलीवर भाकरी थापते, पोरं आवरते आणि उजाडायच्या आत फडात पोचते. पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट सोलते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. जड ओझं डोक्यावर घेऊन चढायचं काम, बघा, बाईकडे. रात्री-अपरात्री गाडी भरायला आली की पुन्हा उठायचं. परत आल्यावर पाणी आणि स्वयंपाक आहेच. आजारी पडून दिवस बुडाला तर तो खाडा, आणि खाड्याला दंड. पाळीच्या चार दिवसांसाठीही फडावर ना आडोसा, ना पाणी, ना सुट्टी.

याचा शेवट कुठे झाला ते २०१९ साली राज्याला कळलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पाहणीचे आकडे आले: सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली. त्यांतल्या कित्येक जणी तिशी-पस्तिशीच्या. खासगी दवाखान्यांची कमाई त्यात होती, डॉक्टरांनी घातलेली कर्करोगाची भीती होती, आणि खाडा पडू नये ही घाईही होती. 'बाईला झेपत नाही' असं म्हणणाऱ्या समाजाने बाईचं शरीर कामाच्या मापाने कापून घेतलं.

जोडीलाच काम मिळतं म्हणून मुलामुलींची लग्नं हंगामाच्या तोंडावर लवकर उरकली जातात. बालविवाह हा अडाणीपणा, असं शहरातून सहज म्हटलं जातं. फडावर त्याला रोकड हिशेब आहे. शिवाय पोरीला मागे गावात एकटं ठेवायची धास्ती आहे. हंगामी वसतिगृहं नीट चालली तर जे साधेल ते प्रबोधनाच्या शंभर भाषणांनी साधणार नाही.

गैरसमज : बाईपण आणि पुरुषपण कायमचं ठरलेलं असतं

महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायकांनी कसं नटावं हे एका पुरुषाने ठरवलं. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. 'मानापमाना'तली भामिनी (१९११), 'स्वयंवरा'तली रुक्मिणी (१९१६), 'एकच प्याला'तली सिंधू (१९१९), या भूमिकांत ते जे नेसले, जसा अंबाडा घातला, जे दागिने ल्याले, त्याची नक्कल घरंदाज बायका करत. नवरे ते कौतुकाने बघत. पुरुषाने बायकी वागलेलं महाराष्ट्राला सोसत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा काळ आठवावा. सोसत तर होतंच.

न सोसणारी गोष्ट वेगळी होती. बाईने रंगमंचावर उभं राहून बाईचीच भूमिका करणं. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटासाठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. वेश्यावस्तीतल्या बायकांनीही नकार दिला. अखेर एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७च्या 'लंकादहन'मध्ये हेच साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले! दरम्यान 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या होत्या. याच कमलाबाई गोखले पुढे चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. मराठी रंगभूमीवर १९३३च्या 'आंधळ्यांची शाळा'पासून स्त्रीभूमिकेत स्त्री हे हळूहळू रुळलं. आज एखाद्या पुरुषाने साडी नेसून नाटकात नायिका केली तर तो विनोदी प्रवेश धरला जातो. शंभर वर्षांत नैसर्गिक काय आणि विचित्र काय, याची अदलाबदल झाली.

गैरसमज : हुंडा आणि विधवेवरची बंधनं ही आपल्या सगळ्यांची जुनी परंपरा

सगळ्यांची नव्हे. महाराष्ट्रातल्या अनेक शेतकरी, कारागीर, आदिवासी जातीजमातींत मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देत. मुलगी कामाचा हात. तो हात एका घरून दुसऱ्या घरी जायचा तर त्याची भरपाई द्यायला हवी, असा साधा हिशेब. देजही काही बाईच्या हातात पडत नसे, तेव्हा त्याचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण मुलगी म्हणजे बापाच्या डोक्यावरचं ओझं, ही कल्पना त्यात नव्हती. विधवेचं पुन्हा घर मांडण्यासाठी याच जातींत पाट किंवा म्होतूर लागत असे. केशवपन, आलवण, कोपऱ्यातली खोली हे मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांच्यासारख्या उच्च मानलेल्या घरांतलं.

मग घरात चार पैसे आले, मुलगा शिकून नोकरीला लागला, आणि 'आम्हीही काही कमी नाही' हे दाखवायची वेळ आली. तेव्हा देज देणं हलकं वाटू लागलं, पाट लावणं लाजिरवाणं वाटू लागलं, आणि हुंडा घेणं मोठेपणाचं लक्षण झालं. प्रतिष्ठा वर चढताना बाईची मोकळीक खाली आली. १९६१चा हुंडाबंदी कायदा आला तोवर हुंडा कित्येक जातींत नवाच होता, आणि तिथे तो कायद्यानंतरच जोमाने वाढला. विधवांपुरतं एक बरं उदाहरण २०२२चं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे सगळं बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं.

गैरसमज : स्त्रीपुरुष समतेचं खूळ परदेशातून आलं

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे कधी परदेशी गेल्या नाहीत. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला आणि वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीला धारेवर धरलं. ते वाचून संतापलेल्या ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापली. बायकांवर जे दोष ठेवता ते पुरुषांत नाहीत का, हा त्यातला सरळ प्रश्न. स्वकीयांतले सुधारकही बिचकले. जोतीराव फुले मात्र ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. पुस्तक नंतर जवळजवळ शंभर वर्षं विस्मरणात गेलं आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. मुळं इथलीच होती, आपण त्यांवर माती लोटली होती.

उलट, जिला आपण आपली परंपरा समजून कवटाळलं ती गोष्ट विलायती निघाल्याचा किस्सा रखमाबाईंच्या खटल्यात आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई सासरी नांदायला गेल्याच नाहीत. नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला. पहिल्या निकालात न्यायमूर्ती पिन्हे यांनी स्पष्ट म्हटलं की नांदायला लावायचा हा कायदा मुळात इंग्लंडचा आहे, हिंदू धर्मशास्त्राचा नव्हे. अपिलात बाजू उलटली आणि १८८७ साली हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. टिळकांचा 'केसरी' धर्म बुडाला म्हणून त्यांच्यावर तुटून पडला होता. बुडत होता तो इंग्रजांचा चर्चचा कायदा. पुढे तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी आयुष्यभर वैद्यकी केली.

गैरसमज : शिक्षण आणि पैसा आला की सगळं आपोआप सुधारतं

२००१च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे किती मुली आहेत हे बघितलं तर कोल्हापुरात निघाल्या ८३९ आणि गडचिरोलीत ९६६. कारखाने, दूधसंघ, बँका, शिक्षणसंस्था असलेला जिल्हा एकीकडे आणि रस्त्यालाही महाग असलेला जंगलातला जिल्हा दुसरीकडे. सोनोग्राफीचं यंत्र ज्याच्या गावात आणि पैसे ज्याच्या खिशात, त्याच्याच घरात मुली कमी झाल्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला; म्हणजे दुखणंही इथे आधी ओळखलं होतं. तरी २०११ला बीडचा आकडा ८०७वर गेला. शिक्षणाने माणूस शहाणा होतो, पण वारस मुलगाच हवा असं ज्याच्या मनात पक्कं आहे, त्याला शिक्षणाने फक्त डॉक्टरचा पत्ता सापडतो.

गैरसमज : हा बायकांचा प्रश्न, पुरुषांचं त्यात काही जात नाही

देशात २०२२ साली १ लाख ७० हजारांहून अधिक लोकांनी आत्महत्या केल्या, त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष. राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांकडे आपण कर्ज, भाव, पाऊस या अंगाने बघतो, ते योग्यच आहे. पण कर्ज त्याच्या बायकोच्याही घरावर असतं, पीक तिचंही बुडालेलं असतं. पोशिंदा म्हणून तोंड दाखवायला जागा उरली नाही ही भावना मात्र तोच घेऊन जातो, कारण लहानपणापासून त्याला रडायची नि हरायची सोय ठेवलेली नसते. त्याच्या मागे ती बाई तेच कर्ज फेडत राहते.

आणखी एक उदाहरण, ज्यावर चारचौघांत बोललं जात नाही. नसबंदी. १९७६-७७ या आणीबाणीच्या वर्षात देशात सुमारे ८३ लाख शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या ६० लाखांहून अधिक पुरुषांच्या. त्याआधीही शिबिरं पुरुषांचीच असत. सक्तीने सरकार पडलं, आणि पुढच्या सरकारांनी धडा घेतला तो असा की सक्ती वाईट नव्हे, पुरुषाला हात लावणं वाईट. कार्यक्रम बायकांकडे वळला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांनी बाईची शस्त्रक्रिया करून घेतलेली, पुरुषाची ०.३ टक्क्यांनी. पुरुषाची शस्त्रक्रिया काही मिनिटांची, पोट न उघडता होणारी. 'पुरुषाने केली तर त्याला कष्टाची कामं होत नाहीत' ही अफवा तेवढी टिकून आहे. कष्टाची कामं कोण करतं ते वर आलंच आहे.

गैरसमज : आता काय, सगळं समान झालं

पुष्कळ बदललं, हे कबूल न करणं कृतघ्नपणाचं होईल. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी २०११ साली डेक्कन क्वीन चालवली आणि २०२३ साली वंदे भारत. खडकवासल्याच्या एनडीएतून ३० मे २०२५ला मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणींची. २०११पासून राज्यातल्या पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. काही गावांत अजून खुर्चीवर सरपंचाचा नवरा बसतो, तरी बसता बसता पाच वर्षांत बाई हिशेब वाचायला शिकते, हेही खरं. २०२३ला एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा पुरुषांनी विनोद पुष्कळ केले. विनोद चालू असताना बायका तालुक्याला, दवाखान्यात, माहेरी, कोणाला न विचारता जाऊन येऊ लागल्या. २०२४पासून मुलाच्या नावापुढे आधी आईचं आणि मग बापाचं नाव लागू लागलं.

घराच्या आत मात्र घड्याळ अडकलेलं आहे. राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत २०१९ साली घरकाम करणाऱ्या बाईची रोजची २९९ मिनिटं त्यात जात होती, २०२४ला २८९. दहा मिनिटं वाचली. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ होती, ती ८८ झाली. त्यांचीही नऊ वाचली! शिवाय हे आकडे घरकाम करणाऱ्यांचेच. २०१९ला असे पुरुष जेमतेम चारांत एक होते, उरलेल्या तिघांचं मिनिट शून्य.

आणि जमीन. हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, केंद्राने २००५ साली, आणि २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने उरलेली शंकाही मिटवली. त्याच्याही आधी, १९८६ साली शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडला भरलं होतं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि शेतकरी नवऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. कायदा आहे, उदाहरणं आहेत. तरी बाप गेला की आठ-पंधरा दिवसांत बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं. तिने सही केली की साडी-चोळी आणि माहेरपण. नाही केली तर माहेर तुटलं. सही करून देणारी बहीण प्रेमळ आणि वाटा मागणारी लोभी, असं गावात बोललं जातं. वाटा ठेवून घेणाऱ्या भावाला लोभी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. हा लेख बाजूला ठेवलात की घरातला सातबारा किंवा घराचा उतारा काढून बघा. त्यावर आईचं, बायकोचं, बहिणीचं नाव आहे का? नसेल तर तलाठ्याकडे अर्ज करा, आणि हक्कसोडपत्राचा कागद घरात आला असेल तर तो सहीविना परत पाठवा.